टोपलीतली दहा पिस्तुलं

प्रिय फेलिसा,

वर्तमानपत्रात तुझ्या निधनाची चौकट आली. 'शांत आणि मनमिळाऊ स्वभावाच्या' असं छापलंय. शांत! तुझ्या सुनेनं लिहून दिलं असणार. जिनं सदतीस वर्षं मुनाबेंच्या कारखान्यात एकाही उस्तादाला सुखानं जेवू दिलं नाही, ती बाई मनमिळाऊ? मला राग आला, म्हणून लिहायला बसले. मधेच थांबवून "तारीख चुकली तुझी" म्हणायची सोय आता तुझ्याकडे उरलेली नाही, तेव्हा ऐक.

पत्र तुझ्या नावानं असलं तरी वाचणार दुसरेच, म्हणून तुला ठाऊक असलेलंही सांगते. डोंगरउतारावरच्या गोईकुरियांच्या शेतघरातली तू सहावी मुलगी. चौदाव्या वर्षी खाली एइबारला, स्पेनमधल्या आपल्या या पिस्तुलांच्या गावात आलीस, मुनाबेंकडे पॉलिशच्या खोलीत. तिथली धूळ खाऊन दोन वर्षांत खोकायला लागलीस तेव्हा तुला वरच्या मजल्यावर पाठवलं, डब्यांच्या टेबलाशी. डबी म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ती गोळ्यांची डबी, मॅगझिन. पत्रा वाकवायचा, सांधा जोडायचा, आत स्प्रिंग बसवायची, वरचे ओठ वळवायचे. ओठ केसभर चुकले की गोळी तिरकी होऊन अडकते. तुझं लग्न झालं, मुलगा झाला, नवऱ्याची छाती त्याच पॉलिशच्या धुळीनं गेली, आणि तू त्याच टेबलाशी होतीस. स्प्रिंगा दाबून दाबून तुझ्या उजव्या अंगठ्याचं टोक चपटं झालं होतं. त्या अंगठ्यानं तू पत्र्याची जाडी सांगायचीस आणि मी मोजून बघायचे. मी सारागोसाहून रसायनशास्त्र शिकून आलेली, कारखान्याच्या ड्रॉइंगच्या खोलीत रेघा मारणारी. तुला एकदा तरी खोटं पाडावं असं फार वाटायचं. जमलं नाही.

आपल्या गावात पिस्तूल कसं बनायचं तेही सांगायला हवं. मशीनवरून भाग यायचे ते जरा जास्तच मोठे, मुद्दाम. मग एक उस्ताद एका पिस्तुलाचे सगळे भाग एका ट्रेमध्ये घेऊन बसायचा आणि कानशीनं घासत घासत एकमेकांत बसवायचा. वरचं सरकतं पोलाद, ज्याला आपण गाडा म्हणतो, तो मागे ओढून सोडला की कान लावायचा. खळ्ळ झालं तर अजून काम बाकी. तुप्प झालं की मुठीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, आपली बारीक खूण ठोकायचा. पिस्तूल सुंदर व्हायचं यात वाद नाही. पण त्याचा गाडा दुसऱ्या पिस्तुलावर चढायचा नाही, त्याची डबी दुसऱ्यात जायची नाही. एका ट्रेमधला स्क्रूसुद्धा शेजारच्या ट्रेमध्ये जाऊ द्यायचा नाही, असा दंडकच होता. बाप हे मुलाला शिकवायचा.

या दंडकाचा मार तुझ्या टेबलावर बसायचा. रोज डब्या परत यायच्या. "बसत नाही. वाकडी आहे." कारखान्यातला सगळ्यात मोठा उस्ताद तेओदोसिओ, ज्याला गावभर 'कानस' म्हणत, तो स्वतः येऊन डबी टेबलावर आपटायचा. एके दिवशी तू चेस्टनटच्या लाकडाचा एक ठोकळा तासून डबीच्या आकाराचा केलास आणि जेवणाच्या सुट्टीत तयार पिस्तुलांच्या मुठीत घालून बघितलास. तीस पिस्तुलं तपासलीस आणि मग तेओदोसिओच्या ताटासमोर जाऊन उभी राहिलीस.

"उस्ताद, तुमच्या तीस मुठी तीस मापांच्या आहेत."

"पोरी, हातानं केलेलं काम आहे ते."

"पायांनी केलं असतं तरी एवढा फरक पडला नसता."

त्यानं चमचा खाली ठेवला. मी दारात उभी होते, मला हसू आवरेना, तर तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "हसतेस काय? मोजमाप लिहून घे."

चौसष्ट सालच्या फेब्रुवारीत पोर्तोहून सिन्योर आमादेउ आले. पोर्तुगीज व्यापारी, उंच, सर्दी झालेले, सारखे नाक पुसणारे. त्यांना गोदीतल्या आणि गोदामांतल्या पहारेकऱ्यांसाठी चार हजार पिस्तुलं हवी होती, स्वस्त, आपल्या नेहमीच्या भावाच्या निम्म्यात. वर एक अट. दहा पिस्तुलं उघडायची, सगळे भाग एकत्र मिसळायचे, हाताला येतील तसे उचलून परत दहा पिस्तुलं जोडायची, आणि प्रत्येकानं पन्नास गोळ्या न अडकता झाडायच्या. आसपासच्या तीन कारखान्यांनी त्यांना हसून वाटेला लावलं होतं. आपले मालक, क्रिस्पिन मुनाबे, हसू शकत नव्हते. त्या वर्षी त्यांच्याकडे दुसरी ऑर्डरच नव्हती. जूनमधल्या सान हुआनच्या जत्रेपर्यंत काही मिळालं नाही तर जत्रेनंतर दार उघडणार नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सेहेचाळीस माणसं होती. तू त्यातली एक, आणि तुझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा.

तू हात पुसत मालकांच्या खोलीत शिरलीस. मला ओढत नेलंस, कारण तुला रेघा मारता येत नव्हत्या.

"मालक, मला करू द्या."

"तू डब्या करतेस, फेलिसा."

"म्हणूनच. या इमारतीत सगळ्या पिस्तुलांशी भांडण असलेली मी एकटी आहे."

मालकांनी डोकं धरलं. मग म्हणाले, "तीन महिने देतो. फसलं तर सेहेचाळीस घरांची दारं तू वाजवायचीस आणि तू सांगायचंस. मी नाही जाणार."

"मीच जाईन," म्हणालीस. विचारसुद्धा केला नाहीस.

तुझं पिस्तूल तू काढून टाकत टाकत बनवलंस. जुन्यात बावन्न भाग होते. रोज सकाळी तू एकेक भाग माझ्या कागदावर ठेवायचीस आणि विचारायचीस, "हा काय करतो?" मला सांगता आलं नाही की तो पेटीत जायचा. मालक म्हणाले, अमुक पट्टी माझ्या आजोबांनी घातलीय. तू म्हणालीस, आजोबांना विचारता येत नाही, तर पट्टी पेटीत. चौतीसवर आलो.

नळी तू मुठीच्या सांगाड्यात पक्की बसवलीस. हलणारा फक्त गाडा. गोळी सुटली की गाडा मागे जाणार, रिकामी पुंगळी बाहेर फेकणार, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना डबीतली नवी गोळी नळीत ढकलणार. महागड्या पिस्तुलांत गोळी सुटेपर्यंत गाडा अडवून धरायला आत एक कुलूप असतं. तू म्हणालीस कुलूप नको, गाडाच जड करा, त्याचं वजन त्याला अडवील. आपली गोळी लहान, तिला तेवढं पुरतं. मुठीवरच्या पट्ट्या अक्रोडाच्या लाकडाऐवजी प्लास्टिकच्या, शेजारच्या रेडिओची बटणं बनवणाऱ्याकडून. चाप आणि आतले दोन भाग पत्र्यातून कापून वाकवलेले, शिलाई मशीनवाले करतात तसे. सुरक्षेची कळ एकच, पण मोठी, थंडीत हातमोजे घालूनही सापडेल अशी. उघडायला कुठलंही हत्यार लागू नये. आणि मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी एक खुंटी, नळीत गोळी असली की वर येणारी, अंधारात अंगठ्याला लागणारी. ती खुंटी मालकांना जादा खर्च वाटली.

"चौतीसचे पस्तीस होतात," ते म्हणाले.

"पहारेकरी घरी जाऊन पिस्तूल फडताळात ठेवतो, मालक. घरात पोरं असतात. होऊ द्या पस्तीस."

झाले पस्तीस.

आणि झळाळी गेली. आपल्या पिस्तुलांची आरशासारखी निळी झळाळी प्रसिद्ध होती. तेवढ्यासाठी चार बायका त्या खालच्या खोलीत खोकत बसायच्या. तू मला म्हणालीस, "तू एवढं शिकलीस ना? मग मला असा काळा थर दे जो घासावा लागत नाही." मी अकरा वेळा बादल्या बिघडवल्या, बाराव्या वेळी जमला. खरबरीत, मंद काळा, तव्यासारखा. पॉलिशच्या खोलीला तू कुलूप लावलंस आणि त्या चौघींना वर आणून जोडणीच्या टेबलाशी बसवलंस.

पहिलं पिस्तूल मालकांच्या हातात ठेवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा उलटंसुलटं करून बघितलं.

"ही इस्त्री आहे," शेवटी म्हणाले.

"पहारेकरी ते घेऊन लग्नाला जायचा नाहीये, मालक."

तेव्हापासून सगळे त्याला इस्त्रीच म्हणू लागले. तू सुद्धा.

पण खरी लढाई कानशींची होती. तू जाहीर केलंस की जोडणीच्या टेबलावर कानस दिसता कामा नये. प्रत्येक भागाला दोन गेज, म्हणजे माप तपासायचे पोलादी साचे, मशीनवरच. एकात तो गेला पाहिजे, दुसऱ्यात जाता कामा नये. जो भाग नापास, तो भंगारात; त्याला घासून सुधारायचं नाही. सफरचंदांची एक पेटी घेऊन तू टेबलाटेबलाशी फिरलीस आणि कानशी गोळा केल्यास. माणसांनी लग्नातली अंगठी काढून द्यावी तशा दिल्या. तेओदोसिओ उठून उभा राहिला. साठीचा माणूस, चाळीस वर्षं तीच कानस हातात.

"माझी कानस घेतेस? मग हात पण घेऊन जा."

"हात राहू द्या, उस्ताद. पेला धरायला लागेल."

तो रागानं लाल झाला, पण कानस पेटीत पडली. निदान एक पडली. त्याच्याकडे दुसरी होती हे नंतर कळलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, सिन्योर आमादेउ परत आले. सर्दी तशीच. सगळा कारखाना खाली गोळीबाराच्या लांबट खोलीत जमला. त्यांनी साठ्यातून स्वतःच्या हातानं दहा इस्त्र्या निवडल्या. भाग मिसळायला काहीतरी हवं होतं, म्हणून तू रस्त्यावर ओरडून सार्डिनवाल्या हेनाराची रिकामी टोपली आणलीस. हेनारा ओंदारोआ बंदरातून मासे घेऊन यायची. टोपली परत घ्यायला ती मागोमाग आत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आमादेउंनी साडेतीनशे भाग टोपलीत ओतले आणि मीठ लावल्यासारखे वरखाली केले.

"जोडणार कोण?" मालकांनी विचारलं. तेओदोसिओ पुढे सरकला.

"नाही," आमादेउ म्हणाले. "तुमचे उस्ताद चमत्कार करतात, मला माहीत आहे. मला चमत्कार नकोत." त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि हेनाराकडे बोट केलं. "या बाई."

"मी?" हेनारा म्हणाली. "माझे मासे उन्हात आहेत."

"सगळे विकत घेतो."

"मग सांगा काय करायचं ते."

तुला हात लावायची परवानगी नव्हती, फक्त सांगायची. तू तिच्यामागे उभी राहून सांगत गेलीस. स्प्रिंग नळीवर सरकव. गाडा मागून चढव, वर उचल, सोड. डबी घाल. हेनाराच्या हाताला खवले चिकटलेले, पण बोटं तरबेज. पहिली इस्त्री जोडताना तिला बराच वेळ लागला, चौथी तिनं बोलता बोलता जोडली. "यापेक्षा बांगडा साफ करायला अवघड," म्हणाली, आणि लोक हसले. पाच, सहा, सात, आठ.

नववीचा गाडा चढेना.

तिनं पुन्हा लावला. अर्ध्यावर येऊन रुतला. दुसरा गाडा घेऊन पाहिला, तोही रुतला. मालकांनी भिंतीकडे तोंड केलं. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा त्या काळ्या थरासारखा झाला होता. सेहेचाळीस दारं तुझ्या डोळ्यांपुढे असणार.

मग तू म्हणालीस, "सिन्योर, गेज लावते. सांगाड्याला हात लावत नाही, तुम्हीच धरा."

त्यांनी धरला. गाडा ज्या खाचेत सरकतो, त्या सांगाड्यावरच्या खाचेत गेज सहज जायला हवा, तो आत शिरेना. तू वाकून बघितलंस, आणि कुणाकडेही न वळता म्हणालीस, "उस्ताद."

तेओदोसिओ गर्दीतून बाहेर आला. आवाज इतका बारीक की तो त्याचा वाटेना. "गाडा खुळखुळत होता, फेलिसा. नेमका एवढाच. मला ऐकवेना. खाचेच्या कडा हातोडीनं जरा आवळल्या आणि त्याच्याच गाड्याला लावून घासून दिल्या. अगदी तुप्प बसायचा."

"त्याच्या गाड्यावर."

"त्याच्याच."

चाळीस वर्षं ज्या गोष्टीला गावानं शाबासकी दिली, तीच त्यानं प्रेमानं केली होती. तो रडायला लागेल असं मला वाटलं. तू त्याच्यावर ओरडली नाहीस, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण तू सहसा ओरडायचीस. तू आमादेउंकडे वळलीस.

"सिन्योर, तुमच्या अटीप्रमाणे आम्ही हरलो. पण गेजनं ते तुमच्यादेखत पकडलं. रोज पकडेल. ही एक बाजूला काढा. साठ्यातून दहाऐवजी वीस घ्या, तुमच्या हातानं. आधी प्रत्येक भाग गेजमधून घाला, मग टोपलीत. वीसच्या वीस जमल्या नाहीत तर मासे मी विकत घेईन."

मालकांच्या तोंडून कसलासा आवाज आला. आमादेउ तुझ्याकडे बघत राहिले, नाक पुसलं, आणि हसले. "मागच्या वर्षी माझ्या एका माणसाची डबी गोदीत पाण्यात पडली," ते म्हणाले. "दुसरी कुठलीच त्याच्या पिस्तुलात बसेना. चांगलं पिस्तूल मी भंगारात विकलं. वीस घेतो."

गेज तेओदोसिओनं लावले. तूच त्याला बसवलंस. एकेक भाग तो घालायचा, सरकवायचा, दुसऱ्या गेजवर अडला की मान हलवायचा, आणि त्याचा कान दर वेळी आपोआप वाकायचा. चार भाग त्यानं स्वतः नापास करून भंगारात टाकले. हेनारानं वीस इस्त्र्या जोडल्या. शेवटच्या तीन तिनं तुझ्याकडे न बघता, मालकांना माशांचा भाव सांगत जोडल्या.

मग हजार गोळ्या. दोन तास. खोलीत धूर, कानांत बोळे, फरशीवर पुंगळ्यांचा सडा. बाराव्या इस्त्रीनं एकदा नुसतंच टक् केलं. तू डोळे मिटलेस. आमादेउंनी गोळी बाहेर काढली, उजेडाकडे धरली: बुडावर ठोका नीट उमटलेला, गोळीतली दारूच फुसकी. "ही तुमची नाही," म्हणाले, आणि दुसरी घातली. विसावीची पन्नासावी सुटली. मग पॉलिशच्या खोलीतल्या चौघींपैकी कुणीतरी शिट्टी मारली, दोन बोटं तोंडात घालून, आणि छप्पर उडायचं बाकी राहिलं. तेओदोसिओ टाळ्या वाजवत होता. मालक हेनाराला मिठी मारत होते. आमादेउंनी चारऐवजी पाच हजारांचा आकडा घातला.

आणि त्यानंतर जेवणाचा तमाशा. मालक त्यांच्या मंडळाच्या खोलीत मेजवानी देणार होते. ते पुरुषांचं मंडळ, पुरुष रांधतात, पुरुष जेवतात, बाईला उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. मालक अवघडून म्हणाले, "फेलिसा, तुला ताट पाठवतो."

"पाठवू नका," तू म्हणालीस. "आम्ही दाराबाहेर बसतो. तुम्ही आत बसा आणि आमची पाठ बघा."

पुढच्या रविवारी भर दुपारी मंडळाची टेबलं रस्त्यावर आली, एकूण एक. नियम मोडला नाही, फक्त जेवण बाहेर गेलं. ट्यूना-बटाट्याचं मार्मिताको तेओदोसिओनं रांधलं होतं, आणि पहिला वाडगा त्यानं तुझ्यासमोर आणून ठेवला.

"चाख."

तू चाखलंस. सगळे बघत होते. "मीठ कमी आहे."

"मोजून घातलंय," तो म्हणाला. "गेजनं."

तू एवढी हसलीस की सफरचंदाची सायडर नाकातून आली. चौकटीत 'शांत' लिहिणाऱ्यांनी तो आवाज ऐकायला हवा होता. चर्चच्या पायऱ्यांवरचे लोक वळून बघत होते.

त्याच टेबलावर आमादेउंनी आपल्या दोघींना पोर्तोला बोलावलं. म्हणाले, या, गोदीवर या, माणसाच्या कमरेला तुमची इस्त्री लटकताना बघा. तुझा चेहरा उजळला. तोवर तू कारखान्याच्या दारापलीकडे गेलेलं एकही पिस्तूल पुन्हा पाहिलं नव्हतंस. आपलं ठरलं, सप्टेंबरात जायचं. पासपोर्टचे फॉर्म मी आणायचे, कारण कचेरी माझ्या घराच्या वाटेवर होती. तू विधवा, तुला कुणाची सही नको होती. मला नवऱ्याची परवानगी लागायची. तो एका मिनिटात सही करून मोकळा झाला असता. पण माझं शिक्षण झालेलं, पगार मी मिळवणारी, आणि परवानगी मागायची या विचारानंच माझं डोकं तापायचं. मी त्या कचेरीसमोरून आठवड्यातून सहा वेळा जात होते.

सप्टेंबर गेला. इस्त्र्या गेल्या, पाच हजार, मग आणखी नऊ हजार. दर सान हुआनला तू विचारायचीस, "आणलेस का फॉर्म?" पुढे कायदा बदलला, सही लागेनाशी झाली. त्याच्याही पुढे पोर्तुगालला जायला पासपोर्टच लागेनासा झाला. गेल्या जूनमध्ये, तुझ्या खुर्चीत, पायांवर शाल घेऊन, तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, "अगं, आता फॉर्म नाही लागत."

"मग बसची तिकिटं काढ."

मी म्हटलं, सोमवारी काढते.